कोरडी फेरी

मी तिथं फोटो आणायला गेलो होतो. एप्रिल संपत आला होता. परीक्षा चालू असल्यामुळे मैदानावर चिटपाखरूही नव्हतं. जालना रोड सोडून करमाडच्या अलीकडे विद्यापीठाच्या माळाकडे वळलं की रस्त्याला एक झाड लागत नाही. स्कूटर पॅव्हेलियनच्या सावलीत लावेपर्यंत माझी मान भाजून निघाली होती.

काम साधं होतं. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा गाजवून आलेल्या खेळाडूला गडद निळा कोट मिळतो. त्याला कलरकोट म्हणतात. तो कोट मिळालेल्या आजी-माजी खेळाडूंचं जे मंडळ, ते कलरकोट मंडळ. मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी मराठी शिकवतो, थोडंफार लिहितो. पण मला बोलावलं ते त्यासाठी नाही. माझी मुलगी तनुजा पाच हजार मीटर धावायची. आदल्या वर्षी तिला कोट मिळाला आणि त्याच दिवशी, याच माळावर ती गेली. बापाच्या हाती इतिहास दिला की बाप गप्प बसेल, असा मंडळाचा हिशेब असावा.

मीही हो म्हणालो. तिचं मरण जसं झालं तसं छापून यायला दुसरी जागा उरली नव्हती.

कसं झालं, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मंडळाचा वर्धापनदिन मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी असतो. त्या दिवशी नव्या मुलामुलींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. भर दुपारी अंगात तो जाड कोट घालून मैदानाबाहेरच्या मातीच्या वाटेनं पार नीलगिरीच्या रांगेपर्यंत धावत जायचं आणि परत यायचं. पॅव्हेलियनशी अध्यक्ष स्वतःच्या हातानं पाणी पाजतात, तेव्हा कोट खऱ्या अर्थानं तुमचा झाला. हिला म्हणतात कोरडी फेरी. फेरी पूर्ण होईपर्यंत कुणी कुणाला पाणी द्यायचं नाही.

तनुजा नीलगिरीपाशी पडली. तिथं मंडळाची जीप उभी होती आणि जीपमध्ये पाण्याचे जार होते. तिनं पाणी मागितलं. तिच्या संघातल्या श्रेयानं हे त्या रात्री रडत रडत माझ्या बायकोला फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी, मी असं काही म्हणालेच नाही, म्हणाली. जीपमधले सीनियर्स खाली उतरले होते. त्यांनी तिला पाणी दिलं नाही. 'ऊठ, थोडंच राहिलंय' म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंडळानं वर्तमानपत्रात श्रद्धांजली दिली. तीत शब्द होते, 'अल्पशा आजाराने'. सगळे शब्द माझ्या भाषेतले, आणि असा खोटा शब्दप्रयोग मी आयुष्यात वाचलेला नाही. माझी मुलगी आजारी नव्हती. ती तहानलेली होती.

तर, फोटो आणायला गेलो ती दुपार.

पॅव्हेलियनच्या मागं मंडळाची खोली आहे. लांबट, पत्र्याची, एकच खिडकी. भिंतींना फोटो, कोपऱ्यात फक्कीची पोती. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. तिचा आणि घामानं कुजलेल्या बुटांचा वास खोलीत कोंडलेला होता. खिडकीशी तिवईवर माठ होता, ठणठणीत कोरडा. आता दुपारभर इथंच बसायचं तर पाणी गार असावं म्हणून घरून आणलेला कॅन मी त्या माठात ओतला. झाकण ठेवलं, वर पेला पालथा घातला आणि पाठ करून फोटो उतरवायला लागलो.

बाहेर वारा पडला होता. पत्रा मधूनच तडतडायचा. मग तोही थांबला.

आणि मला कुणीतरी पाणी पीत असल्याचा आवाज आला.

त्या आवाजात चूक व्हायला जागा नसते. दूरवर धावून आलेलं माणूस श्वास न घेता पितं ना, तसा. घट... घट... मध्ये एक धाप. पुन्हा घट... घट... मी वळलो नाही. वळायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. आवाज थांबल्यावर बघितलं. पेला माठावर उताणा होता, काठ ओला होता. झाकण काढून हात घातला. माठाच्या तळाला बोटं टेकली. तळ कोरडा होता.

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. मी खाली बसलो आणि हलकेच म्हणालो, "तनू?... पिलीस का, बाळा?"

उत्तर आलं नाही. पण माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं त्या दुपारी पहिल्यांदा थोडं सरकलं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. फोटो हा बहाणा होता. आमच्याकडे, म्हणजे अख्ख्या शहरातच, नळाला पाणी कधीतरी आठवड्यानं येतं. ते आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं असतं. त्यातलं मी स्कूटरवर लादून न्यायचो.

"अहो, कुणाला पाजताय एवढं पाणी?" माझी बायको मंजुषा हिनं एकदा विचारलं. "आपल्याला भांडी घासायला उरत नाही."

"तिथं माठ आहे," मी म्हणालो. "भरून ठेवतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा आणून माझ्या पायाशी ठेवला.

माठ रोज रिकामा व्हायचा. आधी एक कॅन पुरायचा, मग दोन लागू लागले. आवाजही बदलला. कधी घोट मोठा, कधी म्हाताऱ्या माणसासारखा अडखळत. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तनू पितेय, एवढंच मी धरून बसलो होतो.

एके दिवशी अध्यक्ष पुंडलिकराव आले. एके काळी कबड्डीचे नावाजलेले चढाईपटू, आता त्यांच्या दोन शाळा आहेत. अंगात त्या उन्हातही कलरकोट.

"काय सर, कुठवर आला इतिहास?"

"येतोय."

"ते तनुजाताईचं बी लिहा हां. लिहायलाच पायजे. आपलीच लेक व्हती ती." ते खुर्ची ओढून बसले. "फकस्त असं... थोडक्यात. अल्पशा आजारानं वगैरे. समदे लिहितात तसं."

"कुठला आजार, पुंडलिकराव?"

"आता सर, तुम्ही शिकल्या-सवरल्यालं माणूस. लई मनाला लावून घेऊ नका. परंपरा हाय ती. बहात्तरच्या दुष्काळात पहिल्या पोरांनी पाण्याचा थेंब नाय घेतला, तसाच सराव केला. म्हणून तर मंडळ उभं राहिलं. आम्ही बी पळलो की कोट घालून. आम्ही काय मेलो का?"

बोलून गेल्यावर ते थांबले. पत्रा तडतडला. ते उठून माठाशी गेले आणि पेला बुडवला. पेला तळाला खणकन वाजला.

"आत्ता तर तुम्ही भरताना दिसलात," ते म्हणाले.

"भरला होता."

"पाझरतोय मग. टाकून द्या." त्यांनी वाकून तिवईखाली बघितलं. तिवईखालची धूळ सुकी होती. पुंडलिकराव पेला ठेवून बाहेर पडले आणि जाताना त्यांनी दार लावून घेतलं नाही.

पहिल्या पोरांपैकी एकजण हयात होते. गयासभाई, सिल्लोडचे. तेही पाच हजार मीटर धावायचे. पुढं शाळेत क्रीडाशिक्षक झाले आणि मंडळाच्या पत्रिका न उघडता परत पाठवू लागले. मी सिल्लोडला गेलो. जळगाव रोडवर, कापसाच्या वखारींमागं त्यांचं घर आहे. त्यांच्या बेगम मेहरुन्निसांनी सरबत आणलं.

"ह्यांना दुष्काळाचं विचारू नका हां भाऊ," त्या हसत म्हणाल्या. "एकदा सुटले की शामपर्यंत थांबत नाहीत. धावण्यात नाही मिळाला तो पैला नंबर बोलण्यात घेतात."

"बैठो तुम," गयासभाई म्हणाले. "ह्यांची पोरगी गेलीय तिथं."

मेहरुन्निसांचं हसू मावळलं. त्या दाराशीच बसल्या.

मी विचारलं, "पाणी नव्हतं म्हणून तुम्ही तसेच धावलात, हे खरं का?"

"कौन बोला?" म्हातारा ताडकन सरळ झाला. "पाणी होतं सर! टँकर येत होता आमच्यासाठी. खेळाडूंचा टँकर. पाणी नव्हतं ते बायांना. ते मैदान कुणी केलं, माहीत आहे? दुष्काळी कामावरच्या बायांनी. खडी फोडायची, घमेल्यांनी मुरूम टाकायचा, लेकरं उन्हात बांधावर. आम्ही धावायचो, त्या बघायच्या."

"मग?"

"एक दिवस एक बाई पडली. उठलीच नाही. आमचे रामकिसन सर होते, कोच. त्यांनी टँकरचं सगळं पाणी बायांना वाटून टाकलं. आम्हाला म्हणाले, आज सराव नाय, सावलीत पडा. आम्ही पोरं, जवानीचा जोश. म्हटलं, सरांनी एवढं केलं, आपण एक फेरी तरी मारू. मारली. तशीच, कोरडी. सरांनी आईवरून शिव्या घातल्या. म्हणाले, गाढवांनो, पाणी मी त्यांची तहान भागावी म्हणून दिलं, तुम्ही मरावं म्हणून नाही." गयासभाईंनी सरबताचा ग्लास बाजूला सारला. "बस्स. इतकीच गोष्ट. त्याची ह्या हौल्यांनी, ह्या येड्यांनी परंपरा केली."

"हे मी लिहीन."

"आगे का भी लिहा. दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, खेळाडूंचं पाणी मजुरांना द्यायचं नाही. टँकरवर माणूस बसवला. सर भांडले, त्यांना घरी पाठवलं. आणि आम्ही... आम्ही पीत राहिलो सर. त्या बघत राहिल्या. त्यातल्या किती उरल्या, कुणी विचारलं नाही."

निघताना ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले.

"त्या खोलीत माठ आहे अजून?"

"आहे."

"तुम्ही भरता?"

मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला.

"भरा. भरू नका, असं मी कोणत्या तोंडानं सांगू... पण पुरणार नाही सर. कितीही न्या... पुरणार नाही."

मी त्याचा अर्थ विचारला नाही. मला माझा अर्थ पुरेसा होता.

इतिहास लिहून झाला. त्यात बाया होत्या, टँकर होता, रामकिसन सरांच्या शिव्यासुद्धा होत्या. तनुजा पाणी मागत कशी मेली आणि कोण टाळ्या वाजवत उभं होतं, तेही होतं. मी हस्तलिखित स्वतः छापखान्यात दिलं.

वर्धापनदिनाला सकाळी पुस्तकाचं प्रकाशन झालं. रेशमी फीत सोडून मी पान उघडलं. बाया नव्हत्या. टँकर नव्हता. पहिल्या तुकडीनं 'तहानेवर विजय मिळवला' होता. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, माझ्या नावानं, माझ्या मुलीचं अल्पशा आजारानं निधन झालं होतं.

मंचावर पुंडलिकराव माझा सत्कार करत होते. शाल माझ्या खांद्यावर होती. मी ती खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरलो. जे बोलायचं ते मी लिहिलं होतं आणि त्यांनी ते पुसलं होतं. मी स्कूटरवर पाण्याचे कॅन बांधले आणि मातीच्या वाटेनं नीलगिरीकडे निघालो.

तिथं जीप उभी होती. सीनियर्स सावलीला बसले होते. मी वाटेच्या मधोमध कॅन मांडले, पेला हातात घेतला आणि उभा राहिलो.

"ओ सर, काय लावलंय हे?" एकजण ओरडला. "फेरी बाटवता काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा खाली बसला.

लांब लाऊडस्पीकर घुमला. फेरी सुटली. उन्हानं माळ हलत होता, त्यातून निळे ठिपके मोठे होत आले. सगळ्यांत पुढं एक मुलगी होती. बिडकीनची खुशनुमा, याच वर्षी आलेली. ओठ पांढरे पडलेले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ती पेल्याकडे बघत थबकली.

"सर... फेरी..."

"मी तनुजाचा बाप आहे," मी म्हणालो. "पी."

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि ओठांना लावला. मागची मुलं एकेक करत थांबली. कुणी कोट काढून फेकला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. जीपवाल्यांनी फोन केला असावा; लाऊडस्पीकरवर पुंडलिकराव, पाणी घेऊ नका, घेणाऱ्याचा कोट काढून घेतला जाईल, असं ओरडत होते. एक पोरगा तिकडे तोंड करून म्हणाला, "घ्या की मग! गरम लई होतंय!" सगळे हसले. त्या जागी कुणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, संपलं. आज ही गोष्ट संपली.

खुशनुमा हसत नव्हती. पेला धरून ती झाडांच्या रांगेकडे बघत होती.

"सर, त्यांना पण द्या ना."

"कुणाला?"

"त्या बायकांना. केव्हाच्या बसल्यात उन्हात... लेकरं पण आहेत."

मी वळून बघितलं. नीलगिरीचे पांढुरके बुंधे. पडलेल्या पानांचा कडवट वास. दुसरं काही नाही.

"किती आहेत?" मी विचारलं.

"लांबपर्यंत आहेत... ती ताई एकटीच वाढतेय सगळ्यांना. कुठवर पुरणार तिला?"

"कोण ताई?"

"ती काय. कोट आहे ना तिच्या अंगात, आमच्यासारखाच." ती डोळे बारीक करून बघत होती. हिनं माझ्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. "पेला भरते, एकीला देते, परत येते... लगेच पुढच्या बाईकडे जाते."

मी कॅनवर हात टेकला. रोजचे ते निरनिराळे घोट मला आठवले, मोठे, अडखळते, म्हातारे. महिनाभर नेलेलं पाणी. मंजुषानं पायाशी आणून ठेवलेला हंडा.

"ती स्वतः पितेय का?" मी विचारलं. "नीट बघ, बाळा... ती पितेय का?"

खुशनुमानं बघितलं. मग, समोरच्या माणसाशी बोलावं इतक्या सहज, तिनं हाक मारली. "ताई, तुम्ही घेतलं का?"

मुलं तिच्याकडे वळली. लाऊडस्पीकर मध्येच बंद पडला. खुशनुमा मान किंचित तिरकी करून ऐकत होती.

"नाही म्हणतात," ती म्हणाली. "त्यांना चालत नाही म्हणे. त्यांची फेरी राहिलीय अजून."

वारा नव्हता. झाडाचं एक पान हलत नव्हतं. आणि आमच्या समोरून, त्या मातीच्या वाटेवर, धुळीची एक बारीक रेघ उठली. लांब पल्ल्याचं माणूस धावतं त्या संथ, मोजक्या लयीत ती पॅव्हेलियनकडे जात राहिली. मी तिच्यामागं पेला घेऊन धावलो. बराच धावलो. पॅव्हेलियन हाकेच्या अंतरावर आलं तिथं ती रेघ थांबली, मातीत बसली... आणि मागं, पार नीलगिरीपाशी, पुन्हा पहिल्यापासून उठली.